खाडीकडच्या भिंतीचा ओळंबा

फोन मामाच्या शेजारच्या हमीदभाईंचा होता. मी पेणला वकिलांच्या ऑफिसात एका खरेदीखताच्या चतुःसीमा तपासत बसले होते. "बाय, तुझा गजामामा गेला. जेवला, खुर्चीत टेकला, तो उठलाच नाय..." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "हॉलची चावी कोणाकडे हाय?" हमीदभाई म्हणाले, "करगोट्याला होती. आंघोळ घालताना अनंताने काढून घेतली." रडू मला नंतर आलं, एसटी भिसे खिंड चढत असताना. पण तोवर चावीचा विचार डोक्यात बसला होता तो बसलाच.

रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या कडेला आमचं गाव आहे. गावात एक लांबट दगडी इमारत आहे, जाड भिंतींची, शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेली. गाव तिला हॉल म्हणतं. लग्नं तिथे, निकाहानंतरचे वलीमे तिथे, ग्रामसभा तिथे, डोळ्यांचं शिबिरही तिथेच. मामा तिला चर्च म्हणायचा. चौल-रेवदंड्याच्या बाजूला पोर्तुगीजांचा अंमल होता तेव्हाचं, इथल्या ख्रिस्ती वस्तीचं देऊळ. वस्ती उठून गेली, मग तिथे भाताचं कोठार झालं, आणि पुढे पंचायतीने त्याचं सभागृह केलं, असा त्याचा हिशोब. मामा रोह्याला कंपनीत ड्राफ्ट्समन होता. रिटायर झाला तरी खिशातली पेन्सिल सुटली नाही. कुणी मिस्त्री म्हटलं तर त्या माणसाशी महिनाभर बोलत नसे.

तो मला भिंती वाचायला शिकवायचा. "ही भोकं बघ. इथं तुळया होत्या, वर माळा, माळ्यावर उभं राहून गाणारे लोक. आणि आपल्या शहाण्यांनी हॉल उलटा केला." हे मात्र खरं आहे. स्टेजवर खाडीच्या तोंडाकडचा वारा समोरून यावा म्हणून पंचायतीने त्या काळी मूळचं मोठं दार बुजवलं आणि त्याला लागून स्टेज बांधलं. समोरच्या टोकाची भिंत फोडून तिथे नवं दार काढलं. मामा म्हणायचा की वेदी त्याच टोकाला होती. म्हणजे आमच्याकडे लग्नाला येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढून वेदीतून आत येतो, आणि नवरानवरी बुजवलेल्या दाराकडे पाठ करून बसतात. भिंत फोडली तेव्हा तिला लागून असलेल्या लांब भिंतीचा, खाडीकडच्या भिंतीचा, आधार गेला आणि ती बाहेर कलली. सगळं भांडण त्या भिंतीवरून आहे.

स्टेजच्या कडेला भिंतीत एक दगडी वाटी आहे, शिंपल्यासारखी कोरलेली. दुसऱ्या गावांत अक्षता वाटतात. आमच्याकडे अक्षता त्या वाटीत ठेवतात आणि माणसं उठून जाऊन तिच्यात हात घालतात. वलीम्याला तिच्यात बडीशेप असते. मामा म्हणायचा, जुन्या दाराशी पवित्र पाण्याची वाटी असायचीच, लोक आत शिरताना बोटं बुडवायचे, आत काय ठेवलंय तेवढं बदललं. ऐकायला फार सुंदर. पण गावात कुणीतरी पिल्लू सोडलं होतं की ही वाटी गजानेच कुठून तरी आणून बसवली. मी आईला विचारलं. "माझ्या लग्नात होती गो. मीच हात घातला होता." आई मामाची सख्खी बहीण. तिची साक्ष कितपत धरायची, हा प्रश्न मला पडला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. कॉलेजात नाव घालायला मामानेच मला सायकलवर डबलसीट नेलं होतं. तरी तो प्रश्न पडला.

अनंत गावातलाच, ठेकेदारी करतो. त्याने ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की भिंत पडणार, लग्नात पडली तर माणसं मरतील, पाडून स्लॅबचा नवा हॉल बांधू. दुसऱ्या दिवशी मामाने भिंतीच्या माथ्याशी एक लोखंडी दांडा रोवला, त्याला दोरीने ओळंबा सोडला, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तो पितळी लोलक, आणि त्याच्या टोकाखाली बरोबर फरशीत तांब्याचा खिळा बसवला. भिंत हलली तर टोक खिळ्यावरून सरकेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाव जमायचं. मामा एक डोळा मिटून खाली वाकायचा आणि म्हणायचा, "जागेवर हाय." अनंत म्हणायचा, "भिंत जागेवर हाय, का मामा जागेवर हाय?" लोक हसायचे आणि हॉल आणखी एक महिना वाचायचा.

मला हसू यायचं नाही. कारण गावाला बोलवायच्या आधी मामा एकटाच आत जायचा आणि दार लावून घ्यायचा.

"आत काय करतोस रे तू?"

"थांबतो. दार उघडलं की वाऱ्याने ओळंबा डुलतो. स्थिर व्हायला लागतं."

"ओळंब्याला?"

"त्याला पण."

"वरचा दांडा तर सरकवत नाहीस ना?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पदवी घेतलीस ती मामावर संशय घ्यायला काय?"

"कुणावरही घ्यायला."

तो इतका खूश झाला की हे वाक्य त्याने हमीदभाईंना, आईला, दुधवाल्यालाही सांगितलं. पण माझ्या प्रश्नाला त्याने 'नाही' म्हटलेलं नव्हतं... हे मला रात्री जेवताना लक्षात आलं, आणि पुन्हा विचारायचं राहिलं.

दहाव्याला अनंताने चावी माझ्या हातावर ठेवली. "धर बाय. मला काय करायचाय तुझा चर्च." आवाज मऊ होता, म्हणून मला जास्त वाईट शंका आली. इतके दिवस चावी त्याच्याकडे होती. तुळशीची लग्नं लागली, महिन्याचा पहिला रविवार आला. लग्नसराईच्या आत पाडायचं की ठेवायचं ते ठरणार होतं. हमीदभाईंच्या नातीचा निकाह हॉलमध्येच धरला होता. मी आत गेले, मामासारखं दार लावून घेतलं आणि थांबले. ओळंबा डुलायचा थांबला. मी एक डोळा मिटून वाकले.

टोक खिळ्यावर नव्हतं. बाजूला होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

मामाच्या हयातीत जे कधी सरकलं नाही ते तो गेल्यावर सरकलं. अनंताने हात लावला असेल. पावसाने दोरीला पीळ पडला असेल. किंवा... स्टेजमागची शिडी आणून मी वर चढले. दांड्याला आटे होते. फिरवला की तो भिंतीतून पुढे येतो किंवा मागे जातो, आणि ओळंबाही त्याच्याबरोबर. आट्यांना ग्रीस लावलेलं होतं, सुकलेलं नव्हतं. कंपनीतला माणूस, तो घराच्या बिजागऱ्यांनाही ग्रीस लावायचा, सायकलच्या घंटीलाही. यावरून काही सिद्ध होत नाही. कोर्टात मी हे सिद्ध करू शकणार नाही, त्याच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. खाली दारावर थाप पडली. "काय मॅडम," अनंताचा आवाज, "हाय काय जागेवर?"

माझा हात दांड्यावर होता. पाव फेरा पुरला असता.

मी खाली उतरले आणि दार उघडलं. "हलली. तांदळाएवढी. का हलली ते मला माहीत नाय. बाहेरून जाणता माणूस आणून मोजून घेऊ. तोवर आत लग्न नाय, आणि हातोडाही नाय." अनंत काहीतरी बोलायला गेला, पण लोक आधीच खिळ्याभोवती वाकून बघत होते. हमीदभाई कुणाकडे न बघता म्हणाले, "गजा कधी असं बोलला नाय गो." मी म्हटलं, "व्हय, माहिताय." सभेने माझं ऐकलं. नातीचा निकाह शाळेच्या पटांगणात मांडव घालून झाला. बडीशेप स्टीलच्या ताटात होती. म्हाताऱ्या बायका ताटाशी येऊन क्षणभर थांबायच्या, कुठे हात घालायचा ते न कळल्यासारख्या.

जाणता माणूस अजून यायचा आहे. चावी माझ्या पर्समध्ये असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पेणहून येते, दार लावून घेते आणि ओळंबा थांबेपर्यंत थांबते. जे दिसेल तेच बाहेर सांगते. दांडा अजून फिरवलेला नाही.

ग्रीस मात्र सुकू दिलेलं नाही.