अक्कानं चारचौघांत विचारलेला प्रश्न

कागलहून अक्का गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी शाळेत फळ्यावर गणित मांडत होते. चार दिवसांच्या तापानं गेली. अधू पाठीनं नेलं नाही, एवढं मात्र तिनं जिद्दीनं करून दाखवलं… त्याला आता दीड महिना झाला.

मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. कुणाच्या पाठीत उसण भरली की माणसं आमच्या दारात येत आणि मी त्यांच्या कमरेला पाय लावत असे. त्याचा मला भारी तोरा होता. स्वातंत्र्यानंतर दोनएक वर्षांनी अक्का, माझी थोरली बहीण, माहेरी आली असताना पाण्याचा हंडा उचलायला वाकली आणि कमरेतली कळ थेट डाव्या पायात उतरली. मी पाय लावला. बहीणच ती, म्हणून नेहमीपेक्षा जोरानं लावला.

दुसऱ्या दिवशी तिला लघवी होईना, बसायची जागा बधिर झाली. दोन दिवस ती गप्प राहिली. लाज होतीच, पण खरं कारण तिनं पुढं कधीतरी सांगितलं, "बोलले असते तर समद्यांनी तुझ्या पायाला नावं ठेवली असती की." तिसऱ्या दिवशी पाऊल उचलेना, तेव्हा भाऊजींनी तिला मिरजेला नेलं. मणक्यांमधली चकती सरकून नसांवर दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाठदुखीत लघवी अडली तर तासभरही थांबायचं नसतं, तुम्ही दिवस घालवलेत. मला माझ्या पायाची किळस आली.

अक्काचं डावं पाऊल शेवटपर्यंत लोंबतंच राहिलं. वर्षभर ती भिंत धरून चालली, मग भिंत सोडली. मी रडले की चिडायची. "तुला ठावं नव्हतं, मलाबी नव्हतं. आता ठावं हाय न्हवं?" त्यानंतर कुणाचीही पाठ दुखली की ही बाई चारचौघांत मोठ्यानं विचारायची, "लघवी होतीय का?" भाऊजी मान खाली घालत. मीही कितीदा तिथून काढता पाय घेतला.

परवा शेजारच्या तालमीतला एक गडी बायकोच्या खांद्याला धरून आला. "बाई, तेवढा पाय लावा," म्हणाला आणि जमिनीवर पालथा पडला. मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात अक्काचा प्रश्न विचारला. बायकोच हळू म्हणाली, "सकाळपासनं न्हाय."

मी पायात चप्पल घातली आणि त्याला मिरजेच्या गाडीत बसवायला, स्टेशनसाठी टांगा आणायला निघाले.