सोमादाची लवंगतोड

माकियान बेटावरच्या सोमादा गावात माइमुनाइतकी चपळ लवंग तोडणारी बाई नव्हती. चाळिशी उलटली तरी ती लुंगी कमरेला खोचून झाडाच्या शेंड्यापर्यंत जायची, बांबूच्या आकडीनं फांदी ओढून घ्यायची आणि कळी गुलाबी व्हायला लागली रे लागली की खुडायची. एक दिवस आधी खुडली तर वाळून पोकळ होते, एक दिवस उशीर झाला तर फूल उमलतं आणि माल वाया जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बोटांनाच कळायचं. जीभही तशीच होती तिची. लागायची तिथं बरोबर लागायची.

नवरा बाकर लवकर गेला. कसा गेला ते सोमादात सगळ्यांना माहीत होतं. दर वर्षी वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, कंपनीसाठी गावागावातून वल्ही मारायला माणसं न्यायची, अशी पद्धत पडली होती. लांब होड्या, एकेका होडीला चाळीस-पन्नास वल्ही, महिना-दोन महिने समुद्रावर, आणि शिधा ज्याचा त्यानं घरून आणायचा. त्या वर्षी बाकर गेला. वाटेत त्याला ताप चढला. तिसऱ्या दिवशी त्याला वल्हं उचलेना, तेव्हा कुठल्याशा बेटाच्या वाळूवर उतरवलं, उशाशी एक शहाळं ठेवलं आणि होडी पुढे गेली. शेजारच्या बाकावरचा माणूस परत आला, त्यानं हे सांगितलं. माइमुनानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की शहाळं फोडून ठेवलं होतं की तसंच.

वल्ह्यांवर जायच्या माणसांची नावं जाबिरनं दिली होती. जाबिर म्हणजे माइमुनाचा सख्खा थोरला भाऊ आणि सोमादाचा संगाजी, गावचा मुख्य. त्याचं म्हणणं, बहिणीच्या नवऱ्याला वगळलं असतं तर गावानं तोंडावर थुंकलं असतं. माइमुनाला तेव्हा ते पटलं होतं. पटलं होतं, याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त संताप यायचा.

बाकर गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर फुटला. माणसं मेली, घरं गाडली गेली, लवंगांवर वीतभर राख बसली. उरलेल्यांनी पुन्हा घरं बांधली. आणि दोन पावसाळ्यांनी काळ्या ठिक्कर पडलेल्या बुंध्यांना तांबूस पालवी फुटली. सोमादात मूल जन्मलं की बाप लवंगेचं रोप लावायचा. त्यामुळे कुठलं झाड कुणाचं हे पोरासोरांनाही तोंडपाठ. आपापल्या झाडाला पालवी फुटली का, हे बघायला त्या वर्षी अख्खं गाव डोंगर चढत होतं. माइमुनाचं स्वतःचं झाड एका अंगानं वाळलं होतं, पण दुसऱ्या अंगानं भरघोस आलं होतं. ती खोडाला हात लावून बराच वेळ उभी राहिली होती.

मग तो शुक्रवार आला. नमाज झाल्यावर जाबिरनं माणसांना मशिदीसमोर थांबायला सांगितलं, बायकाही कुंपणाशी जमल्या. जाबिर खाली बघत बोलला. या बेटांवर ज्याची सत्ता होती त्या तेर्नातेच्या सुलतानानं कंपनीशी करार केला होता. यापुढे लवंग फक्त दूर दक्षिणेला, अंबोनकडच्या बेटांवर पिकेल, कंपनीच्या किल्ल्याच्या सावलीत. बाकी सगळीकडची झाडं तोडायची. त्याबद्दल सुलतानाला दर वर्षी चांदी मिळेल आणि त्यातला वाटा संगाजींना.

कुणीतरी विचारलं, का म्हणून? जाबिर म्हणाला, सगळीकडे पिकली तर स्वस्त होते म्हणून.

माइमुना हसली. तिला खरंच वाटलं की ही थट्टा आहे. तिच्या आजीच्या आजीच्या वेळी पहिली फिरंगी गलबतं आली होती. अर्धं जग पालथं घालून, वाटेत निम्मी माणसं समुद्रात टाकून ती एका कळीसाठी आली, असं आजी सांगायची. बेटावरच्या लोकांनी त्यांना गिऱ्हाईक समजून पाणी दिलं, मासे दिले. त्यांच्या मागून वलंदेज आले. त्यांनी फिरंग्यांना हाकललं आणि जाहीर केलं की माल आम्हालाच विकायचा, आम्ही म्हणू त्या भावानं.

"ज्याच्यासाठी एवढा समुद्र ओलांडून आले तेच तोडायचं?" ती कुंपणापाशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली. "दादा, तू काय बोललास त्यांना?"

"मला कुणी विचारलं नाही, मुना."

"मग कागदावर सोमादाची निशाणी कुणाची आहे?"

लोक जाबिरकडे बघत राहिले आणि मग एकेक करून घरी गेले.

होड्या आल्या त्या सकाळी समुद्र अगदी शांत होता. शिपाई पंधरा-वीसच. कुऱ्हाडी होत्या त्या वल्हेकऱ्यांच्या हातात, आणि वल्हेकरी तिच्यासारखेच लोक, आसपासच्या बेटांवरचे, पोटं खपाटीला गेलेले. त्यातला एक जण तिच्या परसातल्या माठाकडे बघत उभा राहिला. तिनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, लाज नाही वाटत?

"आमची गेल्या महिन्यात तोडली, बाई," तो म्हणाला. "आमच्याकडे मोती बेटाची माणसं आणली होती. आता मोतीला तुमची नेतील."

त्यानं रिकामं भांडं दोन्ही हातांनी परत केलं आणि कुऱ्हाड उचलून गेला. माइमुनाला वाटलं, हा माणूस उलट बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याच्यावर राग काढायचा तोच तुमच्याहून उपाशी निघाला, तर माणसानं करायचं काय?

दुपारपर्यंत गावालगतची झाडं पडली. तिची मैत्रीण सितनुर आपल्या धाकट्या मुलीच्या झाडाला मिठी मारून बसली होती. एका शिपायानं तिला हाताला धरून, तसं हळूच, बाजूला केलं, जशी वाटेतली शेळी करावी. मग कंपनीच्या कारकुनानं दुभाष्याला पुढे केलं. वर डोंगरात आणखी झाडं आहेत का? कुणी तोंड उघडलं नाही. दुभाष्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा जाबिर गर्दीतून बाहेर आला आणि एक शब्द न बोलता पायवाटेनं वर चालू लागला. शिपाई त्याच्या मागोमाग गेले. माइमुना त्याच्या पाठीकडे बघत होती. लहानपणी याच पाठीवर बसून ती त्या वाटेनं वर जायची.

तोडलेली झाडं तिथंच पेटवली. नऊ दिवस धूर होता. लवंगेचा धूर घशाला झोंबतो, डोळ्यांची आग होते. पोरं खोकून खोकून ओकत होती. आणि वास मात्र असा गोड, की माइमुना पुढे कितीतरी वर्षं गोड वासानं चिडायची.

लवंग गेली तशी जावाहून येणारी व्यापारी गलबतंही गेली. भात दिसेनासा झाला, कापड मिळेना. लोक सागूच्या झाडाचा गर काढून त्याच्या भाकरी भाजत, मासे धरत. फिरंग्यांबरोबर कुठून तरी आलेला मका थोडा लावला, त्यावर दिवस ढकलत. कंपनीच्या लोकांनी सल्ला दिला म्हणे, की आता तुमच्याकडे खाण्याचं पिकवायला जमीन मोकळी झाली. जाबिरच्या घरी वर्षाचा वाटा आला तेव्हा त्यानं बहिणीकडे निळ्या कापडाचा एक तागा पाठवला. तिच्या अंगावर धड वस्त्र नव्हतं. तिनं तो तागा तसाच उचलला, जाबिरच्या उंबऱ्यासमोर पसरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, पाय पुसून आत जा. भावजय रडायला लागली. माइमुना ताठ मानेनं घरी आली.

सहाव्या वर्षी ती रानबदाम वेचायला कड्याच्या वरच्या अंगाला गेली होती. तिथं दोन खडकांच्या मध्ये तिला एक रोप दिसलं. पाखरानं टाकलेल्या बीचं असणार. तिनं पान चुरडून हुंगलं. लवंगच होती. गावात तिनं फक्त सितनुरला सांगितलं. पुढची दोन वर्षं ती या ना त्या निमित्तानं वर जायची, भोवतीचं रान उपटायची, कोरड्या दिवसांत नारळाच्या करवंटीतून पाणी न्यायची. रोप तिच्या कमरेला लागलं.

कंपनीची तपासणी दर वर्षी असायची. एक जमादार, चार-सहा शिपाई, दुभाष्या, आणि वाट दाखवायला गावचा संगाजी. त्या वर्षी ते नेहमीची वाट सोडून कड्याकडून आले. माइमुना रोपापाशी वाकलेली होती. तिला सगळ्यात आधी जाबिरनं पाहिलं. तो चटकन वळला आणि पुढे दरड कोसळली आहे, मागे फिरू या, असं सांगू लागला. पण जमादारानं त्याच्या खांद्यावरून पाहिलंच. त्यानं जाबिरला खूण केली, उपट.

"मुना, बाजूला हो," जाबिर म्हणाला.

ती झाली बाजूला. "उपट की. आजवर दर वेळी हात दुसऱ्याचा होता. आज तुझाच लागू दे."

जाबिर गुडघ्यावर बसला. साठीला आलेला माणूस, त्याला एका ओढीत ते जमेना. मुळं खडकात खोल गेली होती. तो कण्हत, इकडून तिकडून हिसडत ओढत राहिला आणि शिपाई बघत राहिले. शेवटी रोप हातात आलं. तो उठून उभा राहतो न राहतो तोच माइमुनानं त्याच्या थोबाडीत मारली.

जमादार खो-खो हसला. शिपाईही हसले. गावच्या मुख्याला बहिणीनं मारलं, यापेक्षा मोठी करमणूक त्यांना बेटावर मिळाली नव्हती. हसून झाल्यावर जमादारानं दुभाष्याकरवी हुकूम दिला. लवंग राखणाऱ्याला शिक्षा आहे, बाईला बांधा आणि किल्ल्यात न्या.

जाबिरच्या गालावर वळ उठला होता. हातात रोप तसंच होतं. तो म्हणाला, "हे मी लावलं होतं. तिला मी राखायला बसवली होती."

दुभाष्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो याच बेटांवरचा होता, त्याला सगळं कळत होतं. त्यानं जाबिरचा शब्द जसाच्या तसा जमादाराच्या कानावर घातला. माइमुना ओरडून सांगत होती की हा खोटं बोलतोय, पण ते त्यानं भाषांतर करून सांगितलं नाही.

जाबिर दीड वर्ष किल्ल्यात होता. दगड वाहायचं काम होतं. त्याला सोडलं तेव्हा पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि पुढचे दात नव्हते. गावाला दुसरा संगाजी मिळाला होता. जाबिरची बायको मधल्या काळात वारली होती, म्हणून माइमुनाच त्याला जेवायला नेऊन द्यायची. सागूची भाकरी मऊ करून, माशाचे काटे काढून. जेवण होईपर्यंत बसायची आणि भांडी घेऊन निघायची. बोलणं असं नव्हतंच. एकदा त्यानंच विचारलं.

"अजून राग आहे?"

"आहे."

"मी तुझ्यासाठी गेलो, मुना."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. आधीचंही विसरणार नाही."

तो आणखी दोन वर्षं जगला. एका सकाळी झोपेतच गेला. अंगणात जनाजा ठेवला, गाव जमलं. जनाजा उचलायच्या आधी इमामांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना विचारलं, की या माणसाकडून कळत-नकळत काही चुकलं असेल तर तुम्ही माफ केलं का? सगळे म्हणाले, केलं. सितनुरही म्हणाली. हे विचारणं नेहमीचं, हे उत्तरही नेहमीचं.

"मी नाही केलं," माइमुना म्हणाली.

कुणीतरी तिचा हात धरून तिला आत ओढू लागलं, तिनं तो झटकला. इमाम तिच्या वडिलांच्या वयाचे, शांत माणूस. ते म्हणाले, "पोरी, हा तुझ्या वाटची कैद भोगून आला."

"त्याबद्दल त्याचं माझ्याकडे काही राहिलेलं नाही, मौलाना. मी त्याला घास भरवलेत. पण बाकरचं नाव यानं दिलं. डोंगरावरची वाट यानं दाखवली. बाकरला विचारा ना, तो इथं असेल तर. त्याच्या वतीनं मी कशी हो म्हणू?" तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही सगळे इतक्या लवकर हो म्हणालात! ज्यांनी हे करायला लावलं ते किल्ल्यात बसलेत. ते माफी मागायलाही आलेले नाहीत. आपण मात्र त्यांचंही आजच माफ करून टाकायचं?"

इमामांनी खांदेकऱ्यांना खूण केली आणि जनाजा उचलला गेला. वाटेला लागेपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

माइमुना चुलीपाशी गेली. माणसं दफन करून परत येतील तेव्हा त्यांना जेवू घालायचं होतं, सगळ्या भाकरी तिलाच भाजायच्या होत्या. पीठ घेताना निम्मं तिनं बाहेरच सांडलं. सितनुर मागून आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, भाऊच होता शेवटी, दुःख होणारच, बस जरा, मी भाजते.

"दुःख नाही ते," माइमुना म्हणाली आणि तवा चुलीवर ठेवला.