दोन जोरात, एक हळू

त्या दुपारी मी आणि माझी मंडळी, म्हणजे बायको, साठवणीच्या बराकीतला कांदा निवडत बसलो होतो. सडका एकीकडं, चांगला एकीकडं. मधनंच ती उठली, घरात जाऊन भाकरी टाकल्या, आणि ताट वाजलं. जेवलो. परत कांद्यापाशी येऊन बसलो. दिवस मावळायला ती उठाय गेली आणि एका अंगावर पडली. वाचा गेली ती गेलीच. दवाखाने झाले, पण पंधरवड्यात ती गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. चुकलंमाकलं पोटात घाला. भूत, करणी, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. गावात कुणाला काही दिसलं की मी तोंडावर विचारायचो, किती पिला होतास? तेव्हा मी हे लिहितोय म्हणजे हौसेनं लिहीत नाही.

आधी ताटाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मंचरच्या अलीकडं आमची मळ्यातली वस्ती. मी रानात लांब असलो की ती दारात उभी राहून पितळेच्या ताटावर उलथनं वाजवायची. दोनदा जोरात, मग जरा थांबून एकदा हळू. लग्नानंतर कधीतरी मी विचारलं होतं, हा तिसरा कशाला? म्हणाली, "दोन तुमचं, एक कुत्र्याचा. त्याला नगो का भाकरी?" तेव्हाचं कुत्रं मेलं, त्यानंतरचं मेलं, आता मोत्या आहे. पण वाजवणं तेच राहिलं.

ती गेल्यावर ते ताट मी खुंटीला अडकवून ठेवलं. सून चांगली आहे, वेळेवर वाढायची. पण मला घास उतरंना. आणि लई वाईट म्हणजे तिचा आवाज आठवंना. तोंड दिसायचं, आवाज नाही. लेकीच्या स्वप्नात आली, शेजारणीच्या स्वप्नात आली, माझ्या एकदाही नाही. चाळीस वर्षं संसार केला आणि मला साधा आवाज मागं ठेवला नाही... या गोष्टीचा मला राग यायचा. कुणाचा, ते माहीत नाही.

असं चाललं होतं तेव्हा नारायण आला. लेण्याद्रीच्या पायथ्याला त्याचं गाव. आमची दोस्ती मंचरच्या बाजारातली, माझ्या वस्तीवर तो त्या दिवशी पहिल्यांदा आला, हे ध्यानात ठेवा. माझी दशा बघून म्हणाला, "लेका, तुझं धोतर तुझ्यापेक्षा जाड दिसतंय. चल, डोंगरात फिरवून आणतो."

ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. हल्ली शहरातली पोरं नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत डोंगराच्या कडंकडंनं पाठीवर पिशव्या घेऊन चालतात, ट्रेक म्हणतात. आम्ही गेलो तो त्यातला मधला तुकडा, हातवीजवरनं आहुप्याला जाणारा. म्हणजे जुन्नर तालुक्यातनं निघायचं आणि आंबेगावात उतरायचं. नारायण तरुणपणी त्या वाटेनं हिरडा विकत घ्यायला हिंडलेला. वाट डोळे झाकून सांगतो म्हणाला. मी म्हणलं, उघडे ठेवलेस तरी चालंल.

भादवा संपत आला होता. एसटीनं वर गेलो, हातवीजला त्याच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला. सकाळी निघताना त्या घरच्या बाईनं फडक्यात नाचणीच्या भाकरी बांधून दिल्या आणि बजावलं, "धुकं आलं तर आहे तिथं बसा बाबा. चालू नगा."

आम्ही हो म्हणलं. धुकं आलं आणि आम्ही चाललो. आहुप्याहून दुपारची गाडी गाठायची होती, दुसरं काय.

धुकं म्हणजे कसलं... माझी काठी मला दिसंना. वाट गवतात कुठं गेली कळंना. नारायणची बडबड बंद झाली, तेव्हाच मी समजलो की हा चुकलाय. तेवढ्यात पुढं घंटा वाजली. म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटा, टोक टोक. नारायण म्हणाला, "वाडी आली. म्हशीमागं चल."

मलाही पटलं. आम्ही खालची माणसं. आमची जनावरं दावणीला, घंटा वाजली म्हणजे गोठा आला, घर आलं. डोंगरात उलटं आहे हे आम्हाला कुणी सांगावं? तिथं सकाळी म्हशी वाडीतनं बाहेर पडतात आणि कड्याच्या काठाला चांगलं गवत असतं तिकडं जातात. संध्याकाळची घंटा घराकडं नेते, सकाळची कड्याकडं. आम्ही सकाळच्या घंटेमागं चाललो होतो.

मी पुढं होतो. पायाखाली उतार लागला. खालनं गार वारा तोंडावर यायला लागला, मला वाटलं ओढा असंल. खरं सांगतो, मला तेव्हा जगायचंच असं काही नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती. पाय टाकत होतो झालं.

आणि मागनं ताट वाजलं.

दोनदा जोरात. मग जरा थांबून एकदा हळू.

मी थांबलो नाही, सरळ मागं फिरलो. विचार केलाच नाही. चाळीस वर्षांची सवय, ताट वाजलं की हातातलं टाकून निघायचं. नारायण आडवा आला तर त्याला धक्का देऊन चढावर निघालो. तो माझ्या मागं शिव्या देत. चढ संपला, एक कातळ लागला, तिथं दम लागून बसलो. कोणी नव्हतं. घर नाही, झोपडी नाही, बाई नाही.

नारायण टेकला आणि म्हणाला, "दोन मोठं वाजलं, मग एक बारका. तो बारका कशाला रं?"

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. वाजलं तेव्हा नाही. कारण तोवर मी धरून चाललो होतो की ते माझ्या डोक्यातच वाजलं.

म्हणलं, "तो कुत्र्याचा."

मग त्याला सगळं सांगितलं. तेवढ्यात वाऱ्यानं धुकं फाटलं आणि आम्ही जिथनं मागं फिरलो ती जागा दिसली. गवत होतं, त्याच्या पुढं काही नव्हतं. पार खाली कोकणातली भातखाचरं. म्हशी काठाला निवांत चरत होत्या. नारायणनं दोन्ही हातांनी कातळ धरला आणि मुलासारखा रडला. मला रडू नाही आलं. मला भूक लागली. कडकडून, कितीतरी दिवसांनी. मी फडकं सोडलं आणि त्याच्या वाटणीची भाकरीसुद्धा अर्धी खाल्ली.

थोड्या वेळानं म्हशींमागं एक गुराखी आला. त्याला विचारलं, ताट कुणी वाजवलं? तो म्हणाला, "हितं कोण ताट वाजवंल, पावणं? वाडी डोंगराच्या पल्याड ऱ्हायली." त्यानंच आम्हाला आहुप्याच्या वाटेला लावलं. आहुप्यातही विचारलं. देवळातली घंटा असंल म्हणाले. घंटा आणि ताट मला कळत नाही का? दुपारची गाडी गेली होती, संध्याकाळच्या जीपनं घोडेगावला उतरलो आणि घरी आलो.

घरी काही बोललो नाही. ताट खुंटीलाच होतं, वर धूळ तशीच. पुढं नारायणनं बाजारात चार जणांना सांगितलं, कुणी हसलं, कुणी हात जोडले. वारा कातळात घुसला की आवाज होतो, असं एका मास्तरनं समजावलं. होत असंल. पण वाऱ्याला कुत्र्याचं कसं ठाऊक? मला एवढंच कळलं की भूत असतं तर भ्यायला लावलं असतं. हिनं जेवायला बोलावलं. माझ्या जिवावरचं ओझं त्या कातळावर उतरलं ते परत चढलं नाही.

डोंगरातनं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी खुंटीचं ताट काढलं. चिंच लावून घासलं, लखलखीत केलं. सुनेला म्हणलं, भाकरी यातच वाढ. मंडळी गेल्यापासून मोत्या बराकीपाशी पडून असायचा, हाक मारली तरी मान उचलायचा नाही. मी दारात उभा राहिलो आणि उलथन्यानं ताट वाजवलं. दोनदा जोरात. मग जरा थांबून, एकदा हळू.

मोत्या उठला, अंग झाडलं, आणि पळत आला.