वाकड्या मनोऱ्याचा माणूस

आमच्या रूममेटइतका हुशार आणि इतका कुचकामी माणूस अख्ख्या पेनसिल्व्हेनियात दुसरा नसावा. २००४ साली तो कोल्हापूरहून स्टेट कॉलेज नावाच्या गावी आला तो हायवेचे पूल शिकायला. पहिल्याच सेमिस्टरला लायब्ररीत इंग्लंडमधल्या कुठल्याशा मध्ययुगीन मठाच्या मनोऱ्यावरचं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि गडी कामातून गेला. पुलांना रामराम ठोकून त्यानं त्या मनोऱ्यावर पीएचडी धरली. मनोरा जन्मात पाहिलेला नव्हता. पण बोलायचा असा, की जणू मठातल्या साधूंबरोबर चुना कालवून नुकताच घरी आलाय.

त्याची स्वयंपाकाची पाळी म्हणजे आम्हाला उपास. कुकर शिट्ट्या मारून थकायचा आणि हा फ्रीजवर चिकटवलेल्या मनोऱ्याच्या नकाशापुढे उभा. "चार खांबांवर मनोरा. बांधता बांधताच एक खांब चिकणमातीत खचला. गवंड्यांनी काय केलं असेल?"

"पळून गेले असतील," मी म्हणायचो.

"अरे यार! वरचे थर सरळ रचत गेले. म्हणून खाली कललेला, वर ताठ!" कॅम्पस बसच्या ड्रायव्हरलाही हे पाठ झालं होतं.

पिस्कॅटवे गावातल्या एका मराठी काका-काकूंनी मुलीसाठी त्याला जेवायला बोलावलं. मी सोबत गेलो, ही माझी चूक. ह्यानं चार बटाटेवड्यांचे खांब केले, वर ढोकळ्याचे थर रचले आणि एका वड्याखाली चटणी ओतून तो खचवून दाखवला. काकू टेबलक्लॉथकडे बघत राहिल्या. इथंच जन्मलेली ती मुलगी शांतपणे म्हणाली, "पण व्हाय डिडन्ट दे जस्ट स्टार्ट ओव्हर?"

"पाडायचं?" हा ओरडलाच. "माणसांचं आयुष्य गेलं होतं त्यात!"

स्थळ तिथंच कोसळलं. मनोरा तेवढा उभा.

दोन वर्षांनी प्रोफेसरांनी सांगितलं, फंडिंग संपलं. पुलांकडे वळ, नाहीतर घरी जा. मी म्हटलं, "बरं झालं. आता तरी माणसात ये." त्यानं व्हिसा काढला आणि स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत एकटाच इंग्लंडला गेला. परत आला तेव्हा त्याला घ्यायला मी बस स्टॉपवर गेलो, कान बधिर करून घ्यायच्या तयारीनंच. पण हा गाडीत गप्प. शेवटी मीच विचारलं, "पाहिलास का?"

"पाहिला. दुरुस्ती चालू होती, आत सोडत नव्हते. समोरच्या बाकावर बसून राहिलो. चार दिवस."

"मग?"

"खूप मोठा आहे रे," तो म्हणाला. "मला काहीच कळलं नव्हतं."

सोमवारपासून तो पुलांच्या कामाला लागला. दोन वर्षं मी त्याला गप्प बस म्हणत आलो होतो; त्यानंतर मात्र काही ना काही निमित्त काढून त्याला बोलतं करायला बघायचो. तो मला पुलांविषयी सांगायचा. अगदी थोडक्यात.