मान हलवायची नाही

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला धनगरांची सहा घरं आहेत. तिथं नळ आला चार वर्षांपूर्वी. त्याआधी सारजाबाई खालच्या झऱ्यावरून पाणी आणायच्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर दोन हंडे, कमरेला कळशी. चढ अर्ध्या तासाचा. रोज चार फेऱ्या, चाळीस वर्षं. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, दगड वाहिले. वजनातलं मला कळतं. या बाईचं पाणी सांडलेलं मी पाहिलं नाही.

त्यांचा नवरा कुशाबा माझा कामावरचा जोडीदार. तो गेला, तरी मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भावजी.

गेल्या माघात शेळ्यांना पाला टाकताना त्यांना एका शेळीच्या दोन दिसायला लागल्या. पायातलं बळ गेलं. पाच मिनिटांत नीट झालं, तशा उठून पुन्हा पाला टाकायला लागल्या. आठवड्यानं तेच झालं, तेव्हा नात समीक्षा त्यांना पुण्याला घेऊन गेली.

मानेच्या मागच्या अंगानं दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. त्यातली उजवी अरुंद झाली होती. किती अरुंद, ते फोटोत दिसलं. पण मेंदूला रक्त पोचतं किती, ते एमआरआयवर मोजायचं होतं. पुरेसं असेल तर गोळ्या. कमी असेल तर तार घालून आत जाळी.

वस्तीवरच्या बाया म्हणाल्या, "वझी वाहून मान मोडून घेतलीस." वहिनींनी ते ऐकून घेतलं. नाहीतर त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत.

तपासणीच्या दिवशी मीही गेलो. मशीनवर निरंजन नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांनी बजावलं, "आजी, पस्तीस मिनिटं. मान अजिबात हलवायची नाही." मशीन ठणठणायला लागलं. मध्येच त्यांनी माइकवर विचारलं, "आजी, बरं आहे ना?" आणि चित्र पुसटलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

निरंजन वहिनींना घेऊन बाहेर आले. "मोजमाप धरतच नाहीये. आज झालं नाही, तर मांडीतून तार घालून बघावं लागेल."

तारेचं नाव काढल्यावर वहिनींचा चेहरा उतरला.

"वहिनी, आत हलता का?" मी विचारलं.

"मी कशाला हलतीया? गप पडलीया."

"मग?"

"ते इचारत्यात, बरं हाय ना. मान डोलावली. माणूस चौकशी करतंय, आन आपण मड्यागत पडायचं व्हय?"

निरंजन हसले. "मग मी विचारतच नाही."

"न्हाई, इचारा. त्या ठणठणाटात माणसाचा आवाज बरा वाटतुया."

"ठीक. पण उत्तर हातात देतो तो रबरी फुगा दाबून द्यायचं. मानेनं नाही, तोंडानंही नाही."

मी म्हणालो, "वहिनी, डोक्यावर दोन हंडे हायेत असं समजा. झऱ्याच्या चढावर कुणी हाक मारली, तर मान डोलवायच्या का?"

"खुळं का काय तुमी? पानी सांडंल."

"मग तसंच."

"आडवं पडून?"

"आडवं पडून."

"मग चुंबळ द्या."

निरंजननी टॉवेलची घडी करून डोक्याखाली दिली.

मी काचेपलीकडून त्यांचे पाय बघत बसलो. पस्तीस मिनिटं. काही न करण्याचं काम मला कधीच जमलं नाही. तेवढ्या वेळात मी बाकावर अकरा वेळा बूड हलवलं. त्यांच्या पायाचा अंगठासुद्धा हलला नाही. निरंजननी तीनदा विचारलं, तीनदा फुगा दाबला गेला.

मोजमाप धरलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीण बाईंनी आकडे वाचले. "उजवीतून रक्त कमी जातंय. पण डावी जास्त वाहतेय. वर दोन्ही एकत्र येतात, तिथं पुरेसं पोचतंय. जाळी नको. गोळ्या चुकवायच्या नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू."

समीक्षानं मोठा श्वास सोडला. वहिनी तशाच ताठ.

"डाक्टरीणबाई, हे वझ्यानं झालं का?"

"नाही हो. तुमचा रक्तदाब वाढलेला आहे, आणि ही तंबाखूची मिश्री. ती आजपासून बंद. कराल ना?"

वहिनींचा हात कमरेच्या मिश्रीच्या डबीवर गेला. मान मात्र जागची हलेना.

"वहिनी," मी म्हणालो, "आता हलवायची."

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. कमरेची डबी काढून समीक्षाच्या हातात दिली. मग मान हलवली. एकदाच, पण पुरती.