पेनल्टी मोठ्यांची

आमच्या क्लबात पेनल्टी मिळाली की ती संघातल्या वयाने सर्वांत मोठ्या खेळाडूने मारायची, अशी पद्धत होती. ती कुणी पाडली, देव जाणे. नारायण पेठेतल्या क्लबच्या खोलीत भिंतभर ढाली होत्या आणि त्या मिळाल्या तेव्हाही हीच पद्धत होती, एवढं कारण नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या सेक्रेटरींना पुरायचं. ढालींवरची धूळ पुसायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

मी स्ट्रायकर. ऑफिसच्या आधी कर्वेनगरच्या मैदानावर रोज पेनल्टी मारून मारून बूट फाडायचो आणि दर मीटिंगला या पद्धतीवरून भांडायचो. जिंकायची आग सगळ्यांनाच होती. कुणी येरवड्याहून सायकल हाणत सरावाला यायचा, कुणी रात्रपाळी संपवून थेट मैदानात. समिती माझं म्हणणं ऐकून घ्यायची आणि चहा मागवायची.

त्या वर्षी लीगमध्ये घसरत घसरत आम्ही तळाला आलो. शेवटचा सामना जिंकलो तरच वरच्या गटात राहणार होतो. गोल एकही नाही, वेळ संपत आलेली, आणि मला गोलसमोर पाडलं. पेनल्टी! गुडघा सोलवटला होता, तरी चेंडू मीच उचलला. संघात सर्वांत मोठे आमचे बचावपटू. बँकेत नोकरीला, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते लांबूनच धापा टाकत म्हणाले, "तूच मार रे. माझे पाय उचलत नाहीयेत."

मी चेंडू ठेवला. तेवढ्यात मैदानाबाहेर खुर्चीत बसलेले सेक्रेटरी उभे राहिले.

"अहो, हे काय चाललंय? दादा असताना तुम्ही कशाला पुढे पुढे करता?"

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूट पुढे आले. भला माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नसावं. त्यांनी मारलेला चेंडू समोरच्या गोलकीपरने, खाली ठेवलेली भाजीची पिशवी उचलावी तसा उचलला.

थोड्या वेळात शिट्टी वाजली. आमच्यातला एक जण जर्सी तोंडावर ओढून रडायला लागला. मला इतका संताप आला होता की बुटांची नाडी सुटेना.

सेक्रेटरी चहाचा कप घेऊन माझ्यापाशी आले. "छान खेळलात."

"आपण खालच्या गटात गेलो," मी म्हणालो.

"गट काय, बदलत असतात. आणि तुम्ही एवढं मनाला का लावून घेता? दादा आता थांबतायत. पुढच्या वर्षी तुम्हीच सर्वांत मोठे. मग पेनल्टी तुमचीच."

मी कप हातात घेतला. त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण मी चहाचा घोट घेतला. कारण ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं होतं.