दादाची तब्येत

आमच्या कॉलनीत दारू कुणीच पीत नसे. तब्येत मात्र बऱ्याच घरांत होती.

"आज यांची तब्येत ठीक नाही," असं कुणाची बायको दारातूनच म्हणाली, की आलेला माणूस "असू दे, आराम करू दे" म्हणून परत फिरे. ताप आहे का, डॉक्टरला दाखवलं का, हे विचारायचं नाही. हिंदी मुलखातल्या शहरात, राजेंद्र नगरातल्या आम्हा मराठी घरांचा हा शब्द होता आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळला होता.

माझ्या थोरल्या भावाची तब्येत मिल बंद व्हायच्या आधीही बिघडायची, पण शिफ्ट सुटल्यावर. दादा सूतखात्यात जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, होता. मिल बंद झाली, भोंगा वाजायचा थांबला, आणि तब्येतीला काळवेळ उरली नाही. सकाळी कलाली, म्हणजे देशी दारूचं दुकान, उघडेपर्यंत तो ओट्यावर बसून राही. तेव्हा त्याचे हात इतके कापत की वहिनी त्याला कप अर्धाच भरून देई.

मी बँकेत होतो. घर माझ्या पगारावर चालू लागलं होतं आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो, "दादाला चमचा देऊ नका, त्याची साखर आपोआप ढवळली जाते." पाहुणे हसले. दादाही हसला. असल्या वेळी तो सगळ्यांच्या आधी हसायचा. वहिनीने त्याचा कप उचलून आत नेला.

आमच्या समोर सर राहायचे. कॉलेजात शिकवायचे आणि कॉलनीच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी होते. दादा रस्त्यात दिसला की विचारायचे, "काय जॉबरसाहेब, आज मशीन चालू की लॉकआउट?" पण गणपतीची सजावट आली की त्यांना दादाच लागे. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, त्यांचे हलते देखावे दादाने वर्षानुवर्षं केले होते. एका जुन्या मोटरीवर तो हत्तीची मान डोलवायचा, बाईला चरखा फिरवायला लावायचा. मंडळाला हे सगळं फुकट मिळत होतं.

त्या वर्षी तो सकाळीच मांडवात शिडीवर चढला. कलाली अजून उघडली नव्हती. हात थरथरत होते आणि खालून सर म्हणत होते, "भिया, जरा जल्दी आटपा, प्रतिष्ठापनेची वेळ होते आहे." दादा पडला. मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, आमच्या ओळखीचा नव्हता. दादाचे हात बघून त्याने आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. मी, वहिनी, आणि चहाचा थर्मास घेऊन मागोमाग आलेले सर.

"ये शराब लेते हैं? रोज़?"

वहिनीने तोंड उघडलं होतं. मला ते दिसलं. ती बोलायच्या आत मी बोललो.

"नहीं जी. मिल बंद हुई तब से इनकी तबीयत ठीक नहीं रहती."

कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही यातून काय ते कळलं असतं. डॉक्टरने नुसती मान हलवली. त्याच्या लेखी तबीयत म्हणजे तबीयत, अशक्तपणा असेल. वर सर पुढे सरकून म्हणाले, "हमारे यहाँ वो सब नहीं चलता, डॉक्टर साब. महाराष्ट्रीयन फैमिली है."

मला तेव्हा सरांचे पाय धरावेसे वाटले.

वहिनीला मी त्याच दिवशी जिन्यात गाठून सांगितलं, की आता यात बदल केला तर चार लोकांत माझी शोभा होईल. ती माझ्या घरात राहत होती. तिने ऐकलं.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की शरीर कसं उलटतं, हे मला माहीत नव्हतं. हे खरं आहे, पण त्याच्या आड लपण्यात अर्थ नाही. डॉक्टरला माहीत होतं, म्हणून तर तो विचारत होता. दोन दिवसांत दादा घामाने निथळू लागला, झटके आले. मग तो चादरीचे धागे ओढायला लागला. हवेतले तुटलेले धागे बोटांनी जोडायला लागला, मशीन थांबवा म्हणून ओरडायला लागला. त्याचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले. सकाळच्या फेरीला डॉक्टरने मला बाजूला घेतलं.

"देखिए, सच बताइए. पीते थे?"

तिथे सर नव्हते, वहिनी नव्हती, कॉलनीतलं कुणीच नव्हतं. मी पुन्हा नाही म्हणालो. का, तर आधी एकदा नाही म्हणालो होतो.

दादा मेला नाही. हाड जुळलं, डोकं जुळलं नाही. तो घरी आला तो मिल चालू असलेल्या दिवसांत. सारखा विचारायचा, "भोंगा झाला का?" जेवलेलं विसरायचा, मिल बंद पडल्याचं विसरला आणि दारूही विसरला. कलालीचा रस्ताच त्याच्या डोक्यातून पुसला गेला.

कॉलनी म्हणाली, सुटली बरं का. भावाने सोडवली. गेलेल्या दारूचं नाव घ्यायला आता कुणाची हरकत नव्हती. पुढच्या गणपतीत मंडळाने व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला आणि मला शाल-श्रीफळ दिलं. मी भाषण केलं. निश्चय लागतो, घरच्यांना कठोर व्हावं लागतं, असं काहीबाही. पहिल्या रांगेत बसून दादा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.

त्यानंतर बायका माझ्याकडे सल्ल्याला येऊ लागल्या, मागच्या दाराने. मी सांगायचो, एकदम तोडा, खोलीत कोंडून ठेवा. कुणी कोंडलं का, त्याचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

मिलची चिमणी पडली. भंवरकुआंच्या चौकात कोचिंगच्या इमारती उठल्या आणि कॉम्प्युटर क्लासच्या खालीच इंग्लिश दारूचं चकचकीत दुकान आलं. सरांचा मुलगा तिथे कोचिंगला जाई. काही वर्षांत त्याचीही तब्येत ठीक राहीनाशी झाली, आणि त्यावर झोपेच्या गोळ्या. मग एक दिवस त्याचं अपेंडिक्स फुगलं, ऑपरेशनसाठी भरती केलं. मी आणि वहिनी बघायला गेलो. या वेळी थर्मास वहिनीच्या हातात होता.

डॉक्टर दुसरा होता, प्रश्न तोच.

"नहीं नहीं," सर म्हणाले, "बस, तबीयत ज़रा..." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात माझी बाही चाचपत होता. मी त्यांचंच वाक्य त्यांना परत द्यायचं होतं, महाराष्ट्रीयन फैमिली है. मी गप्प राहिलो. पोराच्या काळजीने गप्प राहिलो असं कुणी समजू नये. पोरगं माझ्या मनातही नव्हतं. सरांच्या कपाळावर घाम फुटत होता, तो मी बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं.

"पीता है, डॉक्टर साब," वहिनी म्हणाली. "रोज़ पीता है. गोलियाँ भी खाता है."

सरांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. डॉक्टरने नर्सला हाक मारली आणि कुठली औषधं आणायची ते भराभर सांगायला लागला.

मुलगा वाचला, डोक्यासकट. सरांच्या घरून वहिनीला हळदीकुंकवाचं बोलावणं पुन्हा आलं नाही. त्यांचं बघून इतरांकडूनही यायचं बंद झालं. सर मला रस्त्यात गाठून म्हणाले, "तुमच्या वहिनींना जरा सांगा, कुठे काय बोलावं ते." मी बरं म्हणालो.

पण त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही टेम्पोने परतलो. वहिनी थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "बरं केलंत, बोललात ते."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तेव्हाही एवढंच वाक्य होतं, भाऊजी."

घरी पोचलो तर दादा फाटकात उभा. चपला घातलेल्या, हातात जेवणाचा रिकामा डबा, शिफ्टला निघालेला. वहिनीने खाली वाकून त्याच्या चपला काढून घेतल्या.